उजवा की डावा?

मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत पूर्वी चार माणसं ठरलेली असायची: एक बँकवाले, एक एलआयसीवाले, एक रेल्वेतले आणि एक सर. ड्राफ्ट काढायचा तर बँकवाले, मे महिन्यात कोकणात जायचं तर रेल्वेवाले, गणपतीतल्या निबंधस्पर्धेला परीक्षक हवा तर सर. अलीकडे या यादीत पाचव्याची भर पडली आहे. तो सकाळी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून निघतो, रात्री मान चोळत परत येतो आणि मधल्या वेळात नक्की काय करतो, ते त्याच्या सासऱ्यांनाही चारचौघांत धड सांगता येत नाही. या माणसाला मेडिकल कोडर म्हणतात. आमच्याकडे तो जावई होऊन आला. म्हणजे माझे भावोजी.

हुद्द्यात 'कोडिंग' असल्यामुळे लोक त्यांच्याकडे बंद पडलेले प्रिंटर घेऊन येतात आणि 'मेडिकल' असल्यामुळे एक्स-रे. भावोजी दोन्ही परत करतात. एक्स-रे परत करण्याआधी मात्र तो खिडकीशी उजेडात धरून बराच वेळ न्याहाळतात. आणणारा श्वास रोखून उभा असतो. मग भावोजी गंभीर आवाजात निकाल देतात, "यावर साइड लिहिलेली नाही." आणि पाठोपाठ तो प्रश्न, ज्याच्यामुळे बिल्डिंगमधली पोरं त्यांना पाठीमागे 'उजवा-डावा काका' म्हणतात: "दुखतंय ते उजवीकडे की डावीकडे?"

त्यांचं काम समजायला तसं अवघड नाही. अमेरिकेत डॉक्टरनं पेशंट तपासला की तो टिपणं लिहितो. ती टिपणं समुद्र ओलांडून मरोळच्या एका काचेच्या इमारतीत येतात. तिथे भावोजी ती वाचतात आणि प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक तपासणीला पुस्तकातला एकेक नंबर लावतात. त्या नंबरांवर तिकडची विमा कंपनी पैसे देते. नंबर चुकला की क्लेम परत. भावोजींकडे नसांचा विभाग आहे, त्यातही खांद्या-हाताच्या नसांचा. मूळचे ते औषध कंपनीचे एमआर. बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी करून उजव्या खांद्याला जी जाडजूड बॅग लावली ती वर्षानुवर्षं उतरली नाही. "तेव्हा माझा एरिया घाटकोपर ते मुलुंड होता," ते सांगतात, "आता मान ते करंगळी."

कोडर व्हायला परीक्षा द्यावी लागते. हल्ली तिच्यात १०० प्रश्न असतात, वेळ ४ तास, पास व्हायला ७० टक्के. आणि तीन ठोकळ्यांएवढी पुस्तकं सोबत नेऊन त्यात बघून उत्तरं शोधायची मुभा. हे ऐकल्यावर आमच्या बाबांनी चष्मा काढून विचारलं होतं, "बघून लिहायचं? मग नापास कसे काय होतात?" भावोजी तेव्हा नुकतेच पहिल्या खेपेला नापास झाले होते. त्यांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि म्हणाले, "बाबा, पुस्तकात सगळं असतं. कुठे असतं, ते नसतं."

डाव्या-उजव्याचं हे वेड त्यांच्या अंगात उगाच शिरलेलं नाही. मनगटात नस दाबली गेली की हाताला मुंग्या येतात, त्या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत अमेरिकेत त्याला एकच नंबर होता, ३५४.०, हात कुठला का असेना. १ ऑक्टोबरपासून नवी यादी आली आणि उजवा हात जी ५६.०१ झाला, डावा जी ५६.०२. डॉक्टर बाजू लिहायलाच विसरला, तर जी ५६.००, म्हणजे 'अनस्पेसिफाइड'. १४ हजारांच्या आसपास असलेली आजारांची यादी एका रात्रीत ७० हजारांच्या घरात गेली. त्या दिवसापासून 'अनस्पेसिफाइड' ही भावोजींच्या तोंडची सर्वांत जहाल शिवी आहे. मीटर न टाकणारा रिक्षावाला, 'बघू, कळवतो' म्हणणारा पाहुणा, 'आणा काहीतरी' असं सांगून बाजारात पाठवणारी बायको, सगळी अनस्पेसिफाइड.

दोन्ही हातांचा मिळून नंबर, जी ५६.०३, यायला आणखी एक वर्ष लागलं. १ ऑक्टोबर २०१६ ला तो आला, तेव्हा भावोजींनी घरी श्रीखंड आणलं. दरवर्षी याच तारखेला अमेरिकेची सुधारलेली यादी लागू होते. त्यामुळे गुढी ताई उभारते ती पाडव्याला, पण भावोजींचं वर्ष १ ऑक्टोबरलाच सुरू होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याशी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा घरात दंडक आहे.

तळमजल्यावरच्या आजींनी एकदा त्यांना जिन्यात गाठलं. "खांदा धरलाय रे मेला."

"कुठला, आजी?"

"दोन्ही."

भावोजींचा चेहरा पडला. "आजी, मनगटाला दोन्हीचा एक नंबर आहे, खांद्याला अजून नाही. एम ७५.०१ आणि एम ७५.०२, दोन वेगळे लिहावे लागतील."

"लिही बाबा," आजी म्हणाल्या, "पण आधी ही पिशवी वर नेऊन दे." भावोजींनी पिशवी वर नेली, आजींना फिजिओथेरपीला नाव घालायला लावलं आणि पुढचे तीन महिने दर रविवारी 'आता हात कुठपर्यंत वर जातो' ते दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवलं. घराघरांत मुलांची उंची मोजतात त्या चौकटीवर आजींच्या घरी खांद्याची प्रगती मांडलेली आहे, उजवी वेगळी, डावी वेगळी.

कामाची भाषा घरात सांडते ती अशी. त्यांच्या काही नंबरांना शेवटी एक अक्षर लागतं. ए म्हणजे इलाज जोरात चालू आहे. डी म्हणजे आता भरून येतंय. एस म्हणजे जखम बरी झाली, पण मागे काहीतरी उरलंय. खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याला अपघातात इजा झाली तर नंबर होतो एस १४.३ एक्स एक्स ए. मधल्या दोन एक्सना काही अर्थ नसतो; गाडीत खिडकीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्यांनी अक्षराची जागा धरून ठेवलेली असते. ताईशी खटका उडाला की भावोजी मनातल्या मनात अक्षर लावतात. भांडी आपटायला लागली की ए. दुपारी न विचारता चहा आला की डी. आणि लग्नात आमच्या आत्याला मानाची साडी कमी प्रतीची मिळाली होती, तो विषय निघाला की एस. हा एस भावोजींच्या अंदाजानं आजन्म आहे.

यादीत आणखी एक बंधन असतं, 'एक्सक्लुड्स वन'. म्हणजे अमुक दोन नंबर एका पेशंटला एकाच वेळी लावायचेच नाहीत. मानेची चकती सरकून हाताची नस दुखत असेल, तर ते चकतीच्या नंबरातच आलं. नसेचा वेगळा नंबर लावलात की क्लेम परत. याउलट 'एक्सक्लुड्स टू' असेल तर दोघं वेगळे, पण एकत्र नांदू शकतात. गणपतीत जेवणाच्या पंगती मांडायचं काम आम्ही भावोजींवर सोपवलंय ते यामुळेच. हातात ताटं घेऊन उभ्या असलेल्या भाचीला ते हळूच सूचना देतात: "मोठी मावशी आणि दादरची काकू एक्सक्लुड्स वन. मामा आणि बाबा एक्सक्लुड्स टू, शेजारी बसव, पण मध्ये राजकारण येऊ देऊ नकोस." गेल्या कित्येक गणपतींत आमच्याकडे कुणी उपाशी उठून गेलेलं नाही.

डॉक्टरचं टिपण अर्धवट असेल तर कोडरनं मनानं काही भरायचं नाही, डॉक्टरलाच लेखी विचारायचं. या विचारण्याला क्वेरी म्हणतात. तिचा नियम असा की प्रश्नात उत्तर सुचवायचं नाही. पर्याय द्यायचे, त्यात 'इतर' हवा आणि 'सांगता येत नाही' हाही हवा. भाची दहावीत होती तेव्हा एकदा घुम्यासारखी जेवणाच्या टेबलावर बसली. ताईनं थेट विचारलं, "मार्क कमी पडले ना?" भावोजींनी हात वर करून तिला थांबवलं. "ही लीडिंग क्वेरी झाली." मग मुलीकडे वळून म्हणाले, "चेहऱ्यावर दिसत असलेल्या स्थितीबाबत अधिक माहिती द्यावी. अ, राग. ब, भूक. क, परीक्षा. ड, इतर. ई, सांगता येत नाही." भाची हसू दाबत 'ड' म्हणाली आणि मैत्रिणीशी झालेलं भांडण सगळं ओकून मोकळी झाली. मार्क खरोखरच कमी पडले होते, पण ते आठवडाभरानं कळलं. विचारलंच नव्हतं ना कुणी.

गंमत म्हणजे नोंदीचा हा भक्त ऑफिसात नऊ तास पेनला हात लावू शकत नाही. पेशंटची माहिती जपण्याचं बंधन घालणारा हिपा नावाचा कायदा अमेरिकेनं १९९६ साली केला. त्याच्या धाकानं मरोळच्या त्या मजल्यावर कागद नाही, पेन नाही, मोबाइल नाही; सगळं लॉकरमध्ये. दिवसभराचं साचलेलं लिहिणं मग घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर उतरतं. 'दूध, १ लिटर, सकाळी ६.४०, पिशवी ओली.' 'गॅस, बदलला, तारीख अमुक, बदलणारा: मी.' ताई म्हणते, "अहो, मी बदलला." भावोजी विचारतात, "कुठे लिहिलंय?" त्यांच्या धंद्याचं ब्रीदच आहे ते: नोंद नाही म्हणजे झालं नाही. तेव्हापासून ताईही लिहिते. 'आज पोळ्या २२. करणारी: मी. खाणारे तिघे. कौतुक: नोंद नाही.'

लग्नकार्यात त्यांच्या शेजारी बसायचं म्हणजे नसा शिकायची तयारी हवी. मुलुंडच्या एका हॉलमध्ये शेजारच्या गृहस्थांनी फक्त एवढंच म्हटलं की हल्ली हाताला मुंग्या येतात. भावोजींनी त्यांच्या पानातली शेव पुढे ओढली. मानेतून निघणारी पाच मुळं म्हणून पाच काड्या मांडल्या. त्यांची तीन खोडं केली. प्रत्येक खोडाचे दोन, असे सहा फाटे. फाट्यांचे पुन्हा तीन दोर. आणि दोरांतून हाताकडे जाणाऱ्या पाच मोठ्या नसा. "पाच, तीन, सहा, तीन, पाच," ते बोटं मोजत म्हणाले. "सगळं गळपट्टीच्या हाडामागून काखेत उतरतं. आता सांगा, मुंग्या अंगठ्याकडे की करंगळीकडे? करंगळीकडे असेल तर कोपरापाशी बघायचं. तिथे दार लागलं की झिणझिण्या येतात ना, तीच नस." गृहस्थ एकदा पानाकडे आणि एकदा हाताकडे बघत राहिले. वाढप्याला वाटलं शेव आवडली, त्यानं आणखी वाढली. काखेतलं जाळं बुजून गेलं. भावोजींनी पहिल्यापासून मांडायला घेतलं.

यादीतले चमत्कारिक नंबर म्हणजे त्यांच्या मैफलीच्या हक्काच्या चिजा. गाय चावली तर डब्ल्यू ५५.२१, गायीनं धडक दिली तर ५५.२२. बदकानं मारलं तर डब्ल्यू ६१.६२. विमानाच्या इंजिनात माणूस ओढला गेला तर व्ही ९७.३३, आणि त्यालाही शेवटी 'पुढची भेट' दाखवणारं डी अक्षर लावायची सोय. बाबांनी हे ऐकून पुन्हा चष्मा काढला. "इंजिनात गेलेला माणूस पुढच्या भेटीला येतो कसा?" भावोजी म्हणाले, "आला तर अडचण नको." रेल्वेतून पडलात तर व्ही ८१.६, चढता-उतरताना लागलं तर व्ही ८१.४. मात्र घाटकोपरला उतरू न देता गर्दीनं तुम्हाला विक्रोळीला नेलं, खांदा दरवाज्यात आणि बॅग डब्यात राहिली, याला नंबर नाही. मुंबईकरांना विचारून यादी केली असती तर ती ७० हजारांवर थांबली नसती, असं भावोजींचं प्रामाणिक मत आहे. सासरच्या माणसांशी संबंधांतल्या अडचणींना झेड ६३.१ आहे. हा नंबर भावोजींनी आमच्या घरी कधीही उच्चारला नाही. तो ताईनं स्वतः पुस्तकात शोधला आणि त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली.

एका नंबरावर मात्र ते विनोद करत नाहीत. पी १४.०. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकतो, मान ताणली जाते, वरच्या मुळांना इजा होते आणि बाळाचा एक हात हलेनासा होतो. जर्मन डॉक्टर अर्ब यांच्या नावानं ते ओळखलं जातं. पुष्कळ बाळांचा हात काही महिन्यांत पुन्हा चालू लागतो, सगळ्यांचा नाही. कुणाचं बाळ, कुठलं गाव, यातलं भावोजी घरी एक अक्षर सांगत नाहीत; कायदाच तसा आहे. फक्त म्हणतात, "आज एक पी १४.० होतं." ताई त्यावर काही विचारत नाही, वरण थोडं जास्त वाढते. खरी अडचण पुढे आहे. ती टिपणं त्यांच्याकडे एकदा येतात आणि जातात. तोच पेशंट पुढच्या महिन्यात कुठल्या कोडरच्या पडद्यावर जाईल ते सांगता येत नाही. जगातले एवढे खांदे, कोपरं, मनगटं त्यांनी वाचली, पण एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नाही. जिन्यात दिसेल त्याला अडवून "मागच्या वेळी दुखत होतं ते आता कसं आहे?" असं ते का विचारत बसतात, याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. लोकांना ती चौकशी चिकट वाटते. पण या बिल्डिंगमध्ये तरी त्यांना गोष्टीचा शेवट कळतो.

मग एके दिवशी त्यांचाच हात बिनसला. रात्री झोपेतून उठून ते उजवा हात झटकायला लागले. ताईला वाटलं डास. तिनं दोन वेळा ओडोमॉस लावून दिलं. मुंग्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, करंगळी साफ मोकळी, रात्री जास्त: दिवसाला अशी कित्येक टिपणं वाचणाऱ्या माणसाला काय झालंय ते समजायला दोन मिनिटं पुरली असती. पण भावोजी म्हणाले, "मी कोण ठरवणार? कोडर निदान करत नाही." आणि गेले डॉक्टरांकडे.

आमच्या भागातले ते डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी मनगटावर टकटक केलं. मग दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून उलटा नमस्कार केल्यासारखं मिनिटभर धरायला लावलं. अर्ध्या मिनिटातच भावोजींच्या बोटांना मुंग्या आल्या. डॉक्टरांनी मान हलवून कागदावर तीन अक्षरं लिहिली आणि आधी एक प्रश्नचिन्ह काढलं. भावोजी खुर्चीतून उठेनात.

"डॉक्टर, दोन गोष्टी. बाजू लिहिलेली नाही. आणि हे प्रश्नचिन्ह."

"बाजू तुम्हाला माहीत आहे की हो."

"मला माहीत आहे. कागदाला नाही."

डॉक्टरांनी 'उजवा' लिहिलं. प्रश्नचिन्ह मात्र ठेवलं; म्हणाले, नसांची तपासणी करू, मग बघू. भावोजींनी घरी येऊन फ्रिजवर लिहिलं, 'आर २०.२'. म्हणजे नुसत्या मुंग्या. ओपीडीतल्या पेशंटला 'बहुतेक', 'असावं', 'शक्यता आहे' असं डॉक्टरनं लिहिलं असेल, तर तो आजार लावायचा नाही, असा नियमच आहे. जे दिसतंय ते लक्षण तेवढं लिहायचं. "संशयाला कोड नाही," हे वाक्य ते देवासमोर म्हणावं तसं म्हणतात.

तपासणीला मी सोबत गेलो होतो. तंत्रज्ञ मुलगी हाताला पट्ट्या चिकटवून विजेचे छोटे झटके देत होती, आणि भावोजी पडल्या पडल्या मोजत होते. मनगटाला एक, कोपराला दुसरा झटका बसल्यावर म्हणाले, "नस तीच, त्यामुळे ही एकच धरायची." हात पुरा झाला तेव्हा म्हणाले, "चार. ९५९०८." तिनं तुलनेसाठी डावा हात घेतला. "आठ. ९५९१०." मुलगी म्हणाली, "काका, बोलू नका, ग्राफ हलतो." काउंटरवर सगळ्याचे मिळून ठरलेले पैसे होते, एकच आकडा. भावोजींना पैशापेक्षा त्या एका आकड्याचं वाईट वाटलं.

रिपोर्ट आला. 'कार्पल टनेल सिंड्रोमशी सुसंगत.' ताई म्हणाली, "चला, कळलं एकदाचं." भावोजी खिन्नपणे म्हणाले, "'सुसंगत' हासुद्धा संशयच धरतात." पुन्हा डॉक्टर. या वेळी त्यांनी छापील क्वेरी नेली होती, पर्यायांसह, 'सांगता येत नाही' धरून. डॉक्टरांनी ती वाचली, भावोजींकडे बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: उजव्या हाताचा कार्पल टनेल सिंड्रोम, मध्यम स्वरूपाचा, नक्की. खाली सही, तारीख, वेळ. डॉक्टरांनी औषधं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ सालीच आला, हेही भावोजींनी जाता जाता सांगितलं. रात्री मला फोन आला. आवाजात असा आनंद, की मला वाटलं भाचीला मेडिकलला प्रवेश मिळाला. "जी ५६.०१ झाला रे!"

आता ते रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपतात आणि सकाळी हातात किती फरक आहे ते फ्रिजवर लिहितात. डॉक्टरांच्या इतर पेशंटांच्या कागदांवरही हल्ली 'उजवा', 'डावा' ठळक दिसायला लागलंय म्हणे.

आमच्या सोसायटीत त्यांच्या या खोडीला खरी किंमत आली ती पितळी नळांवरून. पंपाच्या खोलीतले नळ एका सकाळी गायब झाले. तातडीची सभा बोलावली. मिनिट्स लिहायला भावोजी, कारण अक्षर वाचता येतं असं एवढंच एक माणूस. चेअरमन म्हणाले, "नवा वॉचमन आल्यापासूनच हे सुरू झालंय. लिहा, वॉचमननं नेले." भावोजींनी लिहिलं, 'पंपाच्या खोलीतील ४ पितळी नळ दिसत नाहीत. कारण: नोंद नाही.'

"अहो, दाट संशय आहे!"

"दाट असो, विरळ असो. संशयाला कोड नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या अमेरिकेत तरी काहीतरी सोय असेल की."

"आहे. पेशंट ॲडमिट असेल, तर डिस्चार्जच्या वेळी उरलेला संशय आजार म्हणून धरता येतो," भावोजी म्हणाले. "पण आपली सोसायटी म्हणजे ओपीडी. इथे कुणी कुणाला ॲडमिट करून घेतलेलं नाही. कोणी पाहिलं असेल तर नाव सांगा, मी लिहितो. तारीख, वेळ, आणि कुठल्या हातानं नेले तेही."

कुणीच पाहिलं नव्हतं. सभा तासभर चालली, आवाज चढले, एकानं पोलिसांचं नाव काढलं, पण लिहायला कुणाकडेच काही निघालं नाही. नळ अजून सापडलेले नाहीत. वॉचमन अजून आहे.

याच चेअरमनसाहेबांनी परवा रात्री साडेदहाला भावोजींची बेल वाजवली. त्या संध्याकाळी वार्षिक सभा झाली होती. बराच वेळ पावसावर आणि मेट्रोच्या कामावर बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या मुलाची नोकरी गेली आहे, तो रोज डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बागेत बसतो, असं सभा सुटल्यावर जिन्यात काहीजण बोलत होते. ते मिनिट्समध्ये तर...?

"सभेत कोणी बोललं?" भावोजींनी विचारलं.

"नाही. जिन्यात."

"जिना आपण लिहीत नाही." भावोजींनी फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही. "नोंद नाही म्हणजे झालं नाही."

ताईनं चहा टाकला. चेअरमन दोन कप प्यायले, मुलाचा बायोडेटा भावोजींच्या ऑफिसात पाठवायचं ठरलं, आणि उठता उठता ओशाळून म्हणाले की पार्किंगचे सहा महिन्यांचे पैसे आपल्याकडून राहिलेत, येत्या सोमवारी भरतो. भावोजींनी ते मात्र तिथल्या तिथे लिहून घेतलं, तारीख-वेळेसह, आणि खाली त्यांची सहीही घेतली.